मोटेलच्या आवारातला ढोल

मित्रांनो, डोंगर जसे दुरून साजरे, तसा मीही दुरूनच बरा. जवळ आलो की लोक कानांत बोटं घालतात. मी एक जुना ढोल आहे, पोटातून पोकळ आणि स्वभावाने बडबड्या.

पुण्यातल्या एका कारागिराने माझं पिंप घडवलं, दोन्ही तोंडांना चामड्याची पानं चढवली आणि दोरी अशी करकचून आवळली की माझा जीव कासावीस झाला. मग त्याने एक टिपरू हाणलं आणि मी बोललो. त्यानंतर गप्प बसणं मला कधी आवडलंच नाही. जहाजातून मी अमेरिकेत आलो, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीजवळच्या एका छोट्या गावी, रत्नाताईंच्या गॅरेजमध्ये. रत्नाताई मूळच्या नागपूरच्या. नोकरी कॉम्प्युटरची, पण जीव सगळा ढोल-ताशा पथकात. हिवाळाभर मी बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी पडून असे. तेव्हा मान फावड्याला! पण गणपती जवळ आले की रत्नाताई माझी धूळ झटकत, दोरी ताणत आणि मला कमरेला बांधत. त्या दिवसांत मी आनंदाने वेडा होत असे.

आमची एकच अडचण होती, सरावाची जागा. घरामागे वाजवावं तर शेजारी पोलिसांना बोलावतात. शेवटी हायवेलगतच्या एका बंद मोटेलच्या मालकाने आम्हाला त्याचं पार्किंग वापरू दिलं. दर शनिवार-रविवारी आम्ही तिथे मनसोक्त घुमत असू.

मग एका वसंतात मोटेल पुन्हा उघडलं. मायदेशात जिवाला धोका म्हणून पळून आलेली, अमेरिकेकडे आश्रय मागणारी कुटुंबं सरकारी खर्चाने तिथे राहायला आली. बहुतेक हैतीची होती. मालक म्हणाला, तुम्ही आता मागच्या कोपऱ्यात, झाडीआड वाजवा. आम्ही तिकडे सरकलो. रस्त्यावरून आम्ही दिसेनासे झालो, आवाज मात्र तेवढाच जाई.

गावात कुजबुज सुरू झाली. हे लोक इथे नकोत, अशा पाट्या अंगणांत उभ्या राहिल्या. आमचं पथक ज्या मराठी मंडळाचं, तिथेही धुसफूस होतीच. मंडळाचे अध्यक्ष अरुणकाका, निवृत्त डॉक्टर, एकदा सरावाला येऊन तावातावाने म्हणाले, "आपण सगळे पेपर्स भरले, वर्षानुवर्षं लाइनीत उभे राहिलो. आणि यांना आल्या आल्या रूम रेडी! आयत्या बिळावर नागोबा!"

रत्नाताईंनी मान डोलावली. त्या अजून व्हिसावरच होत्या. त्यांच्या ग्रीन कार्डचा नंबर काही लागत नव्हता, आणि ते त्यांना फार सलत होतं.

एका शनिवारी मोटेलमधली एक बाई झाडीतून आमच्याकडे आली. मिरलांद तिचं नाव. ही आता भांडणार, म्हणून रत्नाताई कंबर कसून उभ्या राहिल्या. पण तिने एवढंच विचारलं, "कसला सण आहे तुमचा?" रत्नाताईंनी हत्तीचं तोंड असलेल्या देवाबद्दल सांगितलं. ती ऐकत राहिली, मग आपलंही सांगू लागली. तिला नुकताच कामाचा परवाना मिळाला होता. वृद्धाश्रमात नोकरी लागली होती, मुलगी इथल्या शाळेत वाचायला शिकत होती. "आता आम्हाला हलवू नये, एवढंच मागणं आहे," ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात टाऊन हॉलमध्ये सभा भरली. या कुटुंबांना मोटेलमध्ये राहू द्यायचं की दुसरीकडे हलवायचं, हे गावचं बोर्ड ठरवणार होतं. मी बाहेर डिकीत होतो. आत काय घडलं ते मला नंतर गाडीतल्या गप्पांतून कळलं.

एक वयस्कर गृहस्थ उठून म्हणाले, "हे मोटेलवाले दर वीकेंडला ढोल बडवतात. आमची नातवंडं दुपारची झोपत नाहीत. आम्ही किती सोसायचं?" टाळ्यांचा कडकडाट झाला. मिरलांद मागच्या रांगेत मुलीला घट्ट धरून बसली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी!

रत्नाताई उठायला लागल्या. अरुणकाकांनी त्यांचा हात धरला. "बस खाली. ते गेले तर पार्किंग पुन्हा आपलंच आहे. आणि तू व्हिसावर आहेस. कंप्लेंटमध्ये तुझं नाव गेलं तर?"

"काका, पण ते आपण होतो ना!"

त्या तडक बाहेर आल्या. डिकी उघडली, मला कमरेला बांधलं. भर सभेत जाऊन त्यांनी माझ्यावर एकच टिपरू हाणलं. खिडक्यांच्या काचा हादरल्या.

"हाच आवाज ना?" त्यांनी त्या गृहस्थांना विचारलं. "हा आमचा आहे. यांच्यातल्या कुणीही कधी वाजवलेलं नाही."

बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी पेन उचललं आणि विचारलं, "आपलं नाव?"

रत्नाताई नाव सांगायला पुढे झाल्या. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अरुणकाका उभे होते.

"माझं नाव लिहा," ते म्हणाले. "मी या मंडळाचा अध्यक्ष आहे आणि या देशाचा नागरिक आहे. तक्रार, दंड, जे काय असेल ते माझ्या नावावर."

मित्रांनो, त्या म्हाताऱ्याला मी आजवर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं, आणि माझा ऊर भरून आला.

कुटुंबांना पुढचं वर्षभर मोटेलमध्ये राहू द्यायचं ठरलं. पाट्या सगळ्या उतरल्या नाहीत, काही उतरल्या. आम्हाला ताकीद मिळाली आणि मोटेलचं आवार सुटलं. सध्या आम्ही दूरच्या एका शेतात सराव करतो आणि डासांचे चावे खातो. तक्रार माझी काहीच नाही.

एवढीच विनंती आहे, मित्रांनो. काम झालं की माझी दोरी सैल करत जा, मला ओलीत ठेवू नका, म्हणजे मी आणखी पुष्कळ वर्षं वाजेन. पण मी पडलो ढोल. कुणी हाणल्याशिवाय मला बोलता येत नाही. तुमच्या गोंगाटाचा बोल दुसऱ्या कुणाला लागत असेल, तेव्हा तुम्ही मात्र आपणहून उठा आणि आपलं नाव सांगा.