रविवारी सगळं उघडं

विभावरीच्या पासपोर्टात एक शिक्का होता. गृहिणी, काम करण्याची परवानगी नाही, असा त्याचा अर्थ. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या कॉलेजच्या लायब्ररीतली नोकरी सोडून ती दुबईला आली, ऊद मेथा भागातल्या दोन खोल्यांत सुयशला वाढवू लागली, आणि तो शिक्का कागदावरून हळूहळू तिच्या अंगावर उतरला. म्हणून धाकटी नणंद समिधा आर्किटेक्चर शिकायला इटलीला निघाली, दुबईवरूनच जायचं ठरलं आणि नागेश म्हणाला, "तूच बघ गं सगळं, मला मान वर करायला फुरसत नाही," तेव्हा तिला ते ओझं वाटलं नाही. बक्षीस वाटलं.

आणि तिने बघितलंही. हॉस्टेलला फॅक्स, मिलानहून कॉलेजच्या गावी, तोरिनोला जाणारी गाडी, बॅगेत मेथकूट कुठे आणि गरम कपडे कुठे, सगळं. ट्रॅव्हल एजंट राजन शुक्रवारचं तिकीट देत होता. तिने साफ नकार दिला. शुक्रवारी पोचून पोरगी काय करणार, सगळं बंद असणार, किल्ली कोण देणार? रविवारचं काढा. राजनची वीस वर्षं दुबईत गेलेली. त्याला तिचं म्हणणं इतकं पटलं की ‘सही बात है मॅडम’ म्हणत त्याने लगेच रविवारचं काढून दिलं. नागेशने तिकीट हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं.

रविवारी भल्या पहाटे विमानतळावर समिधाने वहिनीला मिठी मारली. पोचल्याबरोबर फोन कर, खोली मिळाली की पुन्हा कर, असं विभावरीने तिला चारदा बजावलं. समिधा हसून म्हणाली, "वहिनी, तूच चल ना माझ्याऐवजी." विभावरीही हसली. सकाळी ऑफिस आहे म्हणून नागेश गाडीच्या किल्ल्या वाजवत उभा होता.

दुपारी कुकर उतरवत असताना फोन वाजला.

"वहिनी, पोचले मी. पण हॉस्टेलचं ऑफिस बंद आहे."

"बंद कसं असेल? बेल वाजव जोरात. जेवायला गेले असतील."

"वाजवली. दारावर पाटी आहे, उद्या सकाळी उघडणार म्हणून. वहिनी, आज रविवार आहे ना."

"हो, मग?" विभावरी म्हणाली.

फोनच्या वर सुपरमार्केटने फुकट दिलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यातले सगळे शुक्रवार लाल, इथल्या सुट्टीचे. पलीकडे देवांच्या शेजारी आईने पुण्याहून पाठवलेलं मराठी कॅलेंडर होतं, चतुर्थी बघण्यापुरतं. त्यात लाल रंग रविवारच्या रांगेत होता.

फोनचं कार्ड संपत आलंय, बघते काहीतरी, दादाला सांग, एवढं समिधा भराभर बोलली आणि फोन तुटला.

नागेशला ऑफिसात फोन लावला, तर तो आधी हसला. मग त्याचा आवाज चढला. इतकी शिकलेली बाई तू, सगळ्या जगात रविवारी सुट्टी असते हे तुला सांगायला हवं का?

"तिकीट तूही पाहिलं होतंस," ती म्हणाली.

"मी तारीख पाहिली. वार बघायचं काम तुझं होतं. पण घरात बसून वार कसा लक्षात राहणार? तुला रोजच शुक्रवार."

अर्ध्या तासात पुण्याहून सासूबाईंचा फोन. नागेशने त्यांना कळवलंही होतं. तरणी पोर परक्या गावात बॅगा घेऊन रस्त्यावर उभी, आणि तुझ्यावर सोपवलं तिथेच आमचं चुकलं, असं त्या न रडता, न ओरडता म्हणाल्या. विभावरी ‘हो आई’ म्हणत राहिली.

मग तिने हॉस्टेलचा नंबर फिरवायला घेतला. तिकडे रिकाम्या इमारतीत घंटी वाजत राहायची, मग आपोआप तुटायची, ही पुन्हा फिरवायची. कोण जाणे, एखादा वॉचमन उचलेल. समिधा पायरीवर बसलेली तिला दिसत होती, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक पुरुष तिच्याकडे वळून बघताना दिसत होता. शाळेची बस येऊन गेल्याचं तिच्या ध्यानातच आलं नाही. समोरच्या सायराने सुयशला वर आणून सोडलं. रडून रडून त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"ममा, यू डिडन्ट कम," तो म्हणाला, आणि तिच्या कुशीत न येता सरळ आत गेला.

संध्याकाळी नागेश आला. बूट काढून सोफ्यावर टेकला आणि चहा टाक म्हणाला.

"समिधाचं काय झालं?"

"झालं की ते. गाडीत कुणी कॉलेजची मुलगी भेटली होती, तिचा नंबर होता हिच्याकडे. आज तिच्याच घरी राहतेय. मजेत आहे."

"तुला कधी कळलं?"

"दुपारीच. मोबाइलवर आला होता तिचा. घरचा नंबर सारखा एंगेज लागत होता म्हणे. आईलाही सांगितलं मी लगेच."

विभावरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आणि मला?"

"मीटिंगमध्ये होतो गं. घरीच येणार होतो ना." त्याने रिमोट शोधला. "आणि हो, ख्रिसमसचं तिकीट दादालाच बघू दे, असं म्हणत होती ती."

तिने आधण ठेवलं, आलं ठेचलं. काही विचारू नये असं ठरवूनही तिच्या तोंडून निघून गेलं, "उद्या किल्ली मिळेल ना तिला?"

"मिळेल. उद्या सोमवार. तिथेसुद्धा." नागेश मोठ्याने हसला. बाबा हसतोय म्हणून सुयशही टाळ्या पिटत हसू लागला. कशाला, ते त्याला ठाऊक नव्हतं.

विभावरीने नागेशचा कप भरला, सुयशचं दूध त्याच्यापुढे ठेवलं. तिच्या वाटणीचा चहा पातेल्यातच राहिला. त्यावर साय धरली, तशी तिने तो सिंकमध्ये ओतला आणि पातेलं घासायला घेतलं.