तळेगावपासून पुढे

जुन्या पासाचा खालचा कोपरा काळा पडला होता. या कागदाला उष्णता लागली की तो असाच काळवंडतो. जेवणाच्या गरम डब्याशेजारी ठेवल्याचा परिणाम. तळेगावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अंजलीला हे चांगलं ठाऊक होतं, तरी पास ती डब्याच्याच कप्प्यात ठेवी. तिने तो बोटांनी सरळ केला आणि कासारवाडी स्टेशनच्या तिकीट खिडकीपुढे एक पाऊल सरकली.

मागे सासूबाई होत्या. सरूबाई एरवी रविवारी सकाळी भाजी आणायला जात. आज रिकामी पिशवी घेऊन त्या इथवर आल्या होत्या. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

"आज पास बी काढायचा न् तिकीट बी?"

"हो आई. पास उद्या संपतोय. आणि आजचं तिकीट कामशेतचं."

"पास तर तळेगावपातुरच हाय. मंग तळेगावला उतरून काढायचं तिकीट. सुगत तसंच करायचा."

"उतरायची गरज नसते. पास दाखवला की तळेगावपासून पुढचं तिकीट इथंच देतात."

"आन् त्यो उतरायचा, रांगेत उभा ऱ्हायचा, गाडी जायची निघून." सरूबाई हसल्या. "कशाची घाईच न्हवती त्याला."

अंजलीही हसली. सुगतला, तिच्या नवऱ्याला, जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्यावर दोघी मिळून हसू लागल्या, ते अलीकडेच.

कामशेतला कोण राहतं, हे मात्र घरात कधी बोललं गेलं नव्हतं. बुद्धरत्न तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत. लग्नाचं त्यांनी गेल्या उन्हाळ्यातच विचारलं होतं. अंजली 'सांगते' म्हणाली होती. त्यानंतर दर रविवारी परतीच्या गाडीत ती ठरवी, की आज आईंना सांगून टाकायचं. घरी आल्यावर दारात आईंच्या चपला तेवढ्या दिसत, आणि ती चहा ठेवायला आत जाई.

रांग सरकली. सरूबाईंनी पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"हे उलटं बी चालतं का?"

"काय उलटं?"

"म्हंजी, पास कामशेतवरनं तळेगावला असला. कंपनी काय, तीच. मंग रविवारी इकडं कासारवाडीला यायचं म्हटलं, तर तळेगावपासून तिकीट जोडून मिळतं का?"

अंजलीने वळून पाहिलं. सरूबाई खिडकीवरचा भाड्याचा फलक वाचत होत्या. चष्मा तर त्यांनी घरीच ठेवला होता.

"मिळतं," अंजली म्हणाली. "नियम दोन्हीकडून सारखाच असतो."

"मंग बरं. मला वाटलं, एकाच बाजूनं असंल."

त्यांचा नंबर आला. खिडकीमागच्या माणसाने पास घेतला, काळा कोपरा नखाने खरवडून पाहिला.

"कासारवाडी–तळेगाव. नेहमीसारखा तीन महिन्यांचा?"

सरूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पिशवी त्यांनी कट्ट्यावर, अंजलीच्या हाताला लागून ठेवली.

"नको, एकाच महिन्याचा द्या," अंजली म्हणाली. आईंनाही स्पष्ट ऐकू जाईल असं. "पुढचा मी कामशेतहून काढणार आहे."