टिटॅनियमचा चुरा

“मावशी, साक्षीला इथं अंगठा लावा अन् मोकळ्या व्हा,” सुपरवायझर भारतने कागद पुढे सरकवला.

“आदी वाचून दाखव.”

त्याने भराभरा वाचले. पेटत्या चुऱ्यावर मजूर कल्याणने स्वतःच्या मनाने पाणी ओतले. त्याचाच हलगर्जीपणा.

आसराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जालन्याच्या या भंगारयार्डात ती बावीस वर्षे धातू निवडत होती. शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते, पण तुकडा ग्राइंडरला लावला की ठिणगी बघून नाव सांगायची. टंगस्टनची ठिणगी आखूड, काळपट लाल. टिटॅनियमची पांढरीफट, डोळे दिपवणारी. भारतपाशी मात्र एकच विद्या, खिशातले लोहचुंबक. चिकटले नाही की स्टेनलेस!

परवा लेथवरच्या चुऱ्याची पोती आली. आसराबाईने मूठभर चुरा हातात तोलला. “लई हलकं हाये. टिटॅनियम हाये हे, गॅसकटरपासून लांब ठिवा,” तिने बजावले. भारतने चुंबक फिरवले आणि हसत पोती कटरच्या शेजारीच टाकायला लावली. दुपारी चुरा पेटला. ती “वाळू टाका, वाळू!” म्हणून बोंबलत राहिली आणि या शहाण्याने कल्याणच्या हातात पाण्याची बादली दिली. पाणी पडताच भडका उडाला. कल्याण कोपरापर्यंत भाजला. आता त्याचाच दोष ठरला, तर दवाखान्याच्या खर्चाला कंपनी हात वर करणार.

“बादली तू देल्ती,” ती म्हणाली.

“कशाला वाढवून राह्यल्या? उद्या कामावर यायचं हाये ना?”

“न्हाई यायचं!”

कागद तिथेच टाकून ती अपघाताच्या चौकशीला येऊन बाहेर बसलेल्या सरकारी साहेबांकडे गेली.

“अडाणी बाई हाये साहेब, तिला काय कळतंय!” भारत मागून धावला.

“धातू कळतो मला. अन् बादली कोनी देल्ती ते ह्या डोळ्यांनी पाह्यलंय. ल्ह्या साहेब.”

साहेब लिहू लागले. शेवटची ओळ होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. कल्याणचे दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले होते. ती पेज भरवू लागली.

“मावशी, तू वाळू म्हनल्याली म्या ऐकल्तं.”

तिचा हात थांबला. “मंग पानी का वतलं, बाबा?”

“सुपरवायझर समोर हुभा होता ना.”

त्या माणसाला आणि त्याच्या चुंबकाला शिव्या घालाव्यात, असे तिच्या अगदी ओठांवर आले. पण पेज गरम होती. तिने चमचा फुंकला आणि कल्याणच्या तोंडाशी धरला.