वजा वीस

खांबाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या थराची वरची कड पाणी मोजायच्या फळीवरच्या दोन मीटर चार सेंटीमीटरच्या रेघेशी होती. ती धक्क्याच्या पायरीवर ओणवी झाली आणि तिने पुन्हा वाचलं. दोन मीटर चार. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, तिने गंमत म्हणून ही कड वहीत टिपून ठेवली होती: एक मीटर चौऱ्याऐंशी. भरतीचं पाणी जिथवर नेमाने पोचतं तिथवरच शिंपला जगतो, त्याच्या वर बोटभरही नाही. म्हणजे एक तर समुद्र वीस सेंटीमीटर वर आला होता, नाहीतर फळी तेवढी खाली गेली होती. फळी नवी होती, तीन महिन्यांपूर्वी बसवलेली. आणि समुद्र अकरा वर्षांतही एवढा वर येत नाही.

आतापर्यंत तिच्या हे लक्षात कसं आलं नाही, याचं उत्तर सोपं होतं. पाणी वाचायला आलेला माणूस शिंपले वाचत नाही.

या फळीवर बरंच काही उभं होतं. समोरची सामुद्रधुनी जेमतेम दोन किलोमीटर रुंद, आणि मोठी जहाजं जाऊ शकतील अशी तिची वाट त्याहून कितीतरी अरुंद. गावात तिला सगळे ‘घसा’ म्हणत, कारण अर्ध्या जगाचं तेल, धान्य, औषधं, यंत्रं या एवढ्याशा जागेतून खाली उतरत. दुसरी वाट होती, पण ती चौदा दिवस लांबची. घशाच्या मधोमध, तळाशी एक खडक आडवा पसरलेला. त्या खडकावर आत्ता किती पाणी आहे हे टेहळणीच्या खोलीतून रेडिओवर सांगायचं, हे तिचं काम. यंत्र होतंच. पण यंत्राला शून्य कुठे आहे ते शिकवावं लागतं, आणि ते शिकवायचं या फळीवरून. तिने सांगितलेल्या आकड्यातून एक मीटर सोडायचा आणि उरलेल्या खोलीत जहाजाचं बूड बसलं तर आत घ्यायचं, असा नियम.

त्या दिवशी तिने काहीच केलं नाही. वहीत दोन मीटर चार लिहिलं, खाली तारीख टाकली आणि वर खोलीत जाऊन नेहमीसारखा आकडा वाचला.

गप्प बसायला कारण होतं. फळी बदलली तेव्हा ती आठ दिवस बहिणीच्या आजारपणात गेली होती. परत आली तेव्हा मास्तरांनी तपासणीचा कागद पुढे सरकवला. मास्तर म्हणजे कार्यालयाचे प्रमुख. निम्म्या लोकांना त्यांनीच हाताला धरून काम शिकवलेलं, म्हणून मास्तर. तिला तर दुर्बीण डोळ्याला कशी लावायची इथपासून. “मीच उभं राहून बसवून घेतली आहे गं. सही करून टाक,” ते म्हणाले होते. तिने मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, न मोजता, तिने सही केली होती.

तेव्हा आता ती रोज स्वतःशी घोळ घालत राहिली. पहिल्या वर्षीची नोंदच चुकली असेल. खांब खचला असेल. उद्या बघू. असे नऊ दिवस गेले आणि रोज तिच्या तोंडून आकडा जात राहिला.

दहाव्या दिवशी, दुपारी, तिने कपाटातून उंची मोजायची दुर्बीण आणि तिपाई काढली. मोजपट्टी धरायला कोणीतरी हवं होतं. धक्क्यावर बोटवाले काका डबा धूत बसले होते. घशातून जहाजं पार नेणाऱ्या पायलट लोकांना जहाजापर्यंत पोचवायचं आणि परत आणायचं, यात त्यांचे केस पांढरे झालेले.

“काका, अर्धा तास पट्टी धरता का?”

“धरतो की. दुसरं काय धरवतंय आता आमच्याच्याने.”

धक्क्यामागच्या खडकात एक पितळी खुंटी होती. इथल्या सगळ्या उंच्या त्या खुंटीपासून मोजायच्या, हा शंभर वर्षांचा शिरस्ता. काकांनी आधी पट्टी खुंटीवर धरली, मग फळीच्या माथ्यावर. तिने दोन्ही आकडे घेतले, जागा बदलून पुन्हा घेतले. नोंदीतल्या उंचीशी फरक वीस सेंटीमीटर आणि चार मिलिमीटर.

“पट्टी सरळ धरली होतीत ना?”

“बाई, माणूस वाकडा असेल, पट्टी सरळच होती.” काकांनी पट्टी खांद्यावर टाकली. “कितीचा फरक आला?”

“वीसचा.”

“मग बरोबरच आहे की. वीस कमी करायचे ते सगळे करतातच.”

ती तिपाईचे पाय मिटत होती. “कोण सगळे?”

“पायलट लोक. बोटीत तेच तर चाललेलं असतं. बाईंचा आकडा, वजा वीस. तुमच्या घरातले तर हिशोबात एकदम पक्के.” तिचा चेहरा बघून काकांनी बोलणं आवरतं घेतलं. “म्हणजे, तुम्हाला ठाऊक असेलच.”

“हो,” ती म्हणाली. “ठाऊक आहे.”

तिचा नवरा पायलट होता. जहाजाचा. नातेवाइकांतलं कोणी ना कोणी अजूनही त्याला विमानाच्या तिकिटाचं विचारायचं आणि तो न चुकता खिडकीजवळची जागा कबूल करायचा. संध्याकाळी तो घरी आला, दारातच खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. तिने चहा ओतून कप ओट्यावर ठेवला.

“माझ्या आकड्यातून तू वीस वजा करतोस?”

त्याची बोटं नाडीवर थांबली. “कोण म्हणालं?”

“म्हणजे करतोस.”

“आधी ऐकून घे. आम्ही वेग निम्म्यावर आणतो. पळताना जहाज पाण्यात खाली बसतं, हळू गेलं की तेवढं बसत नाही. तू मला शिकवलंस ते. खाली जागा राहते. थोडी आहे, पण राहते.”

“जहाजाच्या कॅप्टनना सांगता?”

तो पुन्हा नाडी सोडू लागला.

“कधीपासून?”

“फळी बसवली त्या आठवड्यापासून. मास्तरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं.”

“आणि मला?”

“तुला सांगितलं असतं तर तू वाचला असतास तो आकडा?”

“नाही.”

“मग?” त्याने बूट बाजूला ठेवला. “तुझा आवाज ओळखतात गं ते. रेडिओच्या दुसऱ्या टोकाचे कॅप्टन. ‘त्या बाई सांगतायत ना, मग झालं.’ माझ्यासमोर बोललेत. तुला माहीत असतं तर तो आवाज तसा आला नसता. मास्तर म्हणाले, तिला यात ओढू नका, तिला निवांत राहू दे.”

तीन महिने. तीन महिने हा माणूस तिच्यासमोर बसून जेवला होता. कामाच्या गप्पा मारल्या होत्या, आज आकडा किती छान वाचलास म्हणून तिची थट्टाही केली होती. तिला एक विचित्र गोष्ट आठवली: परवाच तिने त्याला विचारलं होतं, हल्ली परतायला उशीर का होतो. तो म्हणाला होता, रांग असते.

“मला ओढू नका म्हणाले,” ती म्हणाली, “आणि तपासणीच्या कागदावर सही माझी घेतली.”

त्याने मान वर केली. “सही?”

“माझी.”

हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं, ते दिसलं. पण पुढच्याच क्षणी तो जे बोलला ते त्याने फार हळू आवाजात, जवळजवळ मायेने म्हटलं.

“मग आता बोलू नकोस. पहिली तूच अडकशील.”

चहा ओट्यावर तसाच राहिला. तिने तो ओतून टाकला, कप विसळला आणि पालथा घातला.

सकाळी मास्तर टेहळणीच्या खोलीत तिच्याआधी येऊन बसले होते. घरून फोन गेलेला असणार. त्यांनी समोरची खुर्ची पुढे ओढली, जशी ती शिकाऊ असताना ओढायचे.

“बस पोरी. वीस नाही, वीस आणि चार मिलिमीटर आलं असेल तुझं. तू बारीक मोजतेस.”

“आलं तेवढंच.”

“खडक फोडायची मंजुरी आली आहे. दोन वर्षांत वीस सेंटीमीटर काय, दीड मीटर जास्त खोली खरोखर मिळेल. ही दोन वर्षं ओढून न्यायची होती. वीस सेंटीमीटर म्हणजे एका मोठ्या जहाजामागे अडीच-तीन हजार टन माल. तो नाकारला की ती जहाजं लांबच्या वाटेला लागतात, आणि एकदा लागली की तिकडे धक्के बांधले जातात, गोदामं उठतात. मग ती परत येत नाहीत. हा गाव कशावर जगतो? आणि गावाचं सोड. इथे अडलं की कुठेतरी पीठ महागतं, कुठे औषध दोन आठवडे उशिरा पोचतं. एवढ्याशासाठी जगाचा घसा आवळायचा?”

“आणि एखादं जहाज खडकावर बसलं की घसा मोकळा राहील?”

“तीन महिन्यांत बसलं?”

“मास्तर, हे तुम्ही मला शिकवलं नव्हतं.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. खाली घशाच्या तोंडाशी जहाजं नांगर टाकून उभी होती, एकामागे एक, जवळजवळ क्षितिजापर्यंत.

“सही माझीच का घेतलीत? तुमची चालली असती.”

“नसती चालली.” त्यांनी हे इतक्या सरळपणे सांगितलं की तिला क्षणभर त्यांचा जुना आवाज ऐकू आला. “माझी सही असली की वरचे लोक पुन्हा मोजायला माणूस पाठवतात. तुझ्या सहीखाली आजवर कोणी मोजलेलं नाही.”

तिच्या अकरा वर्षांची त्यांनी नेमकी किंमत केली होती, आणि ती बरोबर होती. म्हणूनच घशाखाली उतरत नव्हती.

रेडिओ खरखरला. आठवड्यातलं सगळ्यात मोठं जहाज तोंडाशी येऊन थांबलं होतं, बूड पाण्याखाली सोळा मीटर वीस. बोलणारा तिचा नवरा होता. रेडिओवर तो तिला आपण म्हणायचा, सगळे पायलट म्हणायचे तसंच.

“टेहळणी, पायलट बोलतोय. आत यायला तयार आहोत. आपण खोली सांगावी.”

यंत्राच्या पडद्यावर सतरा मीटर बावीस दिसत होतं. नियमात बसणारा आकडा, दोन सेंटीमीटर राखून. खरे होते सतरा मीटर दोन सेंटीमीटर.

मास्तर उठून तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. “वाच,” ते म्हणाले. “मोजणाऱ्याने शंका घेतली तर वाट बंद होते, हा नियम मीच लिहिला आहे. एकदा बंद केलीस की वरून चौकशी बसते आणि तुझं नाव पहिलं निघतं. मी तुला वाचवू शकणार नाही.”

“तुम्हाला मला वाचवायचं नव्हतंच,” ती म्हणाली.

“टेहळणी,” नवऱ्याचा आवाज पुन्हा आला, जरा घाईचा. “आकडा सांगा. भरती थांबणार नाही.”

तिने बटण दाबलं. आवाज कसा येईल याची तिला काळजी होती. तो नेहमीसारखाच आला.

“सर्व जहाजांना, टेहळणीवरून. गेले तीन महिने इथून सांगितलेला प्रत्येक आकडा वीस सेंटीमीटरने जास्त होता. फळी खाली बसवलेली आहे. तिच्या तपासणीवर सही माझी आहे आणि ती मी न मोजता केली. पायलटांना हे माहीत आहे, कॅप्टनना नाही, म्हणून हे कॅप्टनसाठी सांगते आहे. खुंटीपासून नवं मोजमाप होईपर्यंत मोठ्या जहाजांसाठी मी वाट बंद करते आहे.”