मागच्या सीटचं काम

त्यांनी खडू दातांत धरला, गाडीचं मागचं सीट दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "बस बघू."

मोटरसायकल अंगणात मधल्या स्टँडवर उभी होती. ती स्टुलावर चढली, नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन तिने पाय पलीकडे टाकला आणि बसली.

"मागे सरक जरा. अजून. आणि अशी ताठ नको बसूस, फोटो काढायचा नाहीये."

तिने अंग सैल सोडलं. ते गुडघ्यांवर बसून तिच्या बैठकीभोवती खडूने रेघ ओढू लागले. हाडं टोचतात तिथला फोम कापून मऊ भरायचा, खालचा थर मात्र कडकच ठेवायचा, नाहीतर तासाभरात माणूस रुतत रुतत पत्र्याला टेकतो, असं गादीवाल्याने त्यांना समजावलं होतं.

कुंपणापलीकडून शेजाऱ्याने मान वर केली. "काय काका, जगप्रवासाला निघालात वाटतं जोडीने?"

"गाडी नेईल तिथे जायचं," ते हसून म्हणाले.

शेजारी नवा होता. जुन्यांपैकी कुणी असं विचारलं नसतं. ते लोक या घरावरून जाताना बोलणं अर्धवट सोडत आणि पुढे गेल्यावर सुरू करत. ती गाडीवरून उतरली आणि आत निघून गेली.

मुलगा ज्या तुरुंगात होता तो आडबाजूला होता. बस दोनदा बदलावी लागे, आणि पोचेपर्यंत भेटीची वेळ टळून गेलेली असे. म्हणून ते महिन्यातून एकदा पहाटे गाडीला किक मारत. छापखान्यात नोकरीला असताना घेतलेली ती गाडी. जुनी, जड, लांबच्या रस्त्यांसाठीच बनवलेली. निघताना दारात उभे राहून ते विचारत, "येतेस?"

पहिल्या खेपेला ती म्हणाली होती, "माझी कंबर बघताय ना."

कंबर दुखत होती हे खोटं नव्हतं. पण ती दुखत नसती तरी ती गेली नसती. तिच्या मुलाने तिच्या सुनेचं डोकं स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटलं होतं, आणि पोरगी गेली होती. एकदाच आपटलं असतं, तर रागाच्या भरात हातून घडलं असं स्वतःला सांगता आलं असतं. एकदाच नव्हे, हे कोर्टात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं गेलं, तेव्हा ती दुसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या पुढच्याच बाकावर सुनेची आई होती. त्या बाईच्या अंबाड्यातून एक काटा निसटून खाली लोंबत होता, आणि हात पुढे करून तो नीट खोचावा की नाही, याचाच विचार ती सारा वेळ करत राहिली. त्या दिवसापासून मुलाचं नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं.

नवरा मात्र जात राहिला. संध्याकाळी परतला की हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसे आणि बातमी देई.

"वाळलाय जरा. खोकला झालाय. तुझी चौकशी करत होता."

ती खाली बघून भाजी चिरत राही. फार तर "हं" म्हणे. पण त्या दिवशी दुपार कलली की तिचे कान रस्त्याकडे लागत. पुढच्या खेपेला खोकला थांबला असं कळलं, तेव्हा तिने कढईत पळी जोरात आपटली. आपल्याला हायसं वाटलं याचाच तिला राग आला होता.

आणि मग एके दिवशी त्यांनी तिची कंबर मनावर घेतली.

आधी सीट झालं. ते जमलं तेव्हा ती म्हणाली, गुडघे आखडतात. त्यांनी मिस्त्रीकडून मागचे फूटरेस्ट खाली आणि थोडे पुढे घेतले. मग ती म्हणाली, वारा कानात शिरतो, डोकं धरतं. पुढची काच बदलून उंच लावली गेली. मागे तोल जातो म्हटल्यावर पाठ टेकायला लोखंडी चौकट आली, तिला गादी शिवली गेली. खड्ड्यांत मणका हादरतो म्हटल्यावर मागचे शॉकअप बदलले. त्यांच्या स्वतःच्या मनगटांना मुंग्या येत. त्यासाठी हँडल मात्र सगळ्यात शेवटी उंच झालं, तेही मिस्त्रीने आग्रह केला म्हणून.

"काकू, आता फक्त उशी आणि पांघरूण राहिलं," मिस्त्री म्हणाला. "एवढं तर माझ्या सासूसाठी कुणी करणार नाही."

"तुझ्या सासूला कुठे न्यायचंय?" तिने विचारलं.

"कुठेही चालेल, फक्त लांब पाहिजे."

ती हसली. आपल्याला हसू आलं याचं तिला नवल वाटलं. मिस्त्री हसत हसत पाना पुसत होता, पण नवरा हसत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता; आजारी माणसाने पहिला घास घेतला की घरातली माणसं बघतात तसा.

सगळं झाल्यावर त्यांनी तिला गावाबाहेरच्या रस्त्यावर नेलं. तो रस्ता तिच्या ओळखीचा होता. सुनेला त्यांनी गाडी शिकवली ती इथेच. एवढं जड धूड पोरीला पेलणार नाही असं सगळे म्हणत, आणि पोरगी पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांना मागे बसवून घरी आली होती. फाटकातून आत शिरताना हॉर्न वाजवत होती. ते मागे दोन्ही हात वर करून बसले होते आणि घाबरल्याचं सोंग करत होते.

आता गाडी एका लयीत चालली होती. ती पाठ टेकून बसली आणि अंगात कुठे दुखतंय का, ते शोधू लागली. कंबर, गुडघे, मान. सगळीकडे चाचपून पाहिलं. काही सापडलं नाही.

परत आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. मागे न वळता विचारलं, "कसं वाटलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण हँडलवरचे त्यांचे हात तिला दिसत होते. नखांच्या कडांना काळं ग्रीस बसलं होतं, आणि एका बोटाला पट्टी होती.

"काही दुखलं नाही," ती म्हणाली.

महिना भरला तेव्हा पहाटे ती त्यांच्या आधी उठून तयार झाली होती.

सुरुवातीचा रस्ता त्यांनी झपाट्याने कापला. ऊन वर आलं तशी गाडी हळू होऊ लागली. एकदा पाणी प्यायला थांबले. मग चाकातली हवा बघायला. मग काचेवर बसलेली धूळ पुसायला. धूळ फारशी नव्हतीच.

"वेळ टळेल की," ती म्हणाली.

"पोचू," ते म्हणाले, आणि फडकं पुन्हा एकदा काचेवरून फिरवलं.

तुरुंगाची भिंत दुरून दिसली. त्यांनी गाडी समोरच्या झाडाखाली लावली. तिथे जुना सिमेंटचा बाक होता. फाटकावरचा शिपाई त्यांना बघून ओळखीचं हसला आणि रस्ता ओलांडून आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, नवी चौकट हाताने हलवून पाहिली.

"काका, गाडी पार बदलून टाकलीत की! आणि आज काकूंना घेऊन आलात. बरं केलंत." मग त्याने आवाज खाली आणला. "आज तरी जाल ना आत? का आजही इथेच बसणार?"

शिपायाने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. आपल्या हातून काहीतरी सांडलं एवढं त्याला कळलं असावं. "भेटीची खिडकी बंद होईल थोड्या वेळात," असं म्हणून त्याने काढता पाय घेतला.

ती बाकावर बसली. ते उभेच राहिले.

"एकदाही नाही?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"मग तो खोकला?"

"मनाने सांगितलं."

"वाळलाय म्हणालात."

"आता आत कुणी जाड होतं का," ते म्हणाले. ते खाली, आपल्या बुटांकडे बघत होते. "फाटकापर्यंत जातो गं. दर वेळी जातो. नाव विचारतात ना तिथे, कुणाला भेटायचंय म्हणून. ते नाव तोंडातून फुटत नाही. पोरीचंच येतं जिभेवर."

वाऱ्याने झाडाची वाळकी पानं सीटवर पडली. त्यांनी ती एकेक करून वेचली.

"मला वाटलं, तू बरोबर असलीस की जमेल. तू सांगशील नाव, मी मागून येईन."

तिला ओरडावंसं वाटलं. इतके महिने उंबऱ्याशी बसून हा माणूस तिला एका परक्याच्याच गोष्टी सांगत होता, आणि ती भाजी चिरता चिरता त्या परक्याच्या खोकल्याची काळजी करत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं. पानं संपली होती तरी त्यांचा हात सीटवरून फिरतच होता.

ती उठली. पदर नीट केला.

"चला."

ते दोन पावलं आले आणि थांबले. ती थांबली नाही. रस्ता ओलांडून खिडकीशी गेली. आतल्या माणसाने विचारलं, तेव्हा तिने मुलाचं नाव सांगितलं. इतक्या दिवसांनी उच्चारलेलं ते नाव तिच्या कानांना दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

आत एक लांबट खोली होती. मधोमध जाळी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्टुलं मांडलेली. आजूबाजूला माणसं मोठमोठ्याने बोलत होती. मुलगा आला तेव्हा तिने त्याला आधी ओळखलंच नाही. तो वाळला नव्हता. तो अंगाने चांगला सुटला होता. गाल भरले होते, कपाळ मोठं झालं होतं. चालताना तो थोडा बाजूला झुकत होता, आणि हे कधीपासून, का, ते तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

तो स्टुलावर बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिची नजर त्या हातांवर गेली आणि तिथेच राहिली. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने हात स्टुलाखाली नेले.

घरून निघाल्यापासून तिने 'का केलंस?' एवढा एकच प्रश्न घोकला होता. तो आता ओठांशी आला आणि तिथेच बसून राहिला.

"कुणी येईल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. आवाज मात्र तोच होता. "एकटी आलीस?"

"नाही."

त्याने तिच्या मागे, दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. त्यातून एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन आत आली. तिच्या मागे कुणी नव्हतं.

"बाबा?"

ती जाळीच्या थोडी जवळ सरकली.

"येतायत," ती म्हणाली. "गाडी लावतायत."