बंद काचा

मिसबाहच्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये अख्ख्या धुळ्यात कुणी दुसऱ्यांदा बसायला तयार नव्हतं. आधीच्या मालकानं नुसत्या आवाजाच्या हौसेपायी इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला होता. गाडी सुरू झाली की आत जळक्या पेट्रोलचा असा भपकारा यायचा की डोकं उठायचं. तिचे अब्बा, जब्बारभाई, अत्तराचे व्यापारी. ते तर नाकाला रुमाल लावूनच गाडीजवळून जात. "विकून टाक ही घाण!" एवढंच म्हणत.

मिसबाह हट्टाला पेटली. कन्व्हर्टर नाही म्हणून धुराला वास येतो, कबूल. पण बाहेरचा धूर आत शिरतोच कुठून? तिनं अब्बांच्याच दुकानातला लोबान पेटवून डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. मागच्या दिव्याखालून धुराची रेघ आरामात बाहेर आली. तिथलं रबर पार कुजलं होतं!

तिनं रबर बदललं, नवा कन्व्हर्टरही बसवला आणि अब्बांना बजावलं, "जळगावच्या लग्नाला माझ्याच गाडीतून यायचं. काचा बंद ठेवून."

पारोळा मागे पडलं तरी अब्बांच्या हातात रुमाल तसाच होता. त्यांचा एक नियम सगळ्या गल्लीला पाठ होता: हवा स्वच्छ नसेल तिथे अत्तराची कुपी उघडायची नाही.

एरंडोलजवळ त्यांनी रुमाल घडी करून खिशात घातला, बंद काचांकडे एकदा पाहिलं आणि खसच्या कुपीचं बूच काढलं.