रबराची नवरी

मी पिठातला पतंग आहे, मित्रांनो. फुलपाखरू नव्हे, आमच्यावर कुणी कविता करत नाही. बेकरीच्या खिडकीत टांगलेल्या चिकट पुठ्ठ्यावर पालथा पडून मी हे सांगतोय. एक पाय सोडवायला गेलो, तर सहाही अडकले.

माझा जन्म बेकरीमागे फेकलेल्या रव्याच्या पोत्यात झाला. अळी होतो तेव्हा पोटभर खाल्लं, तेवढंच काय ते जेवण. पंख फुटले की आम्ही जेवत नाही. आयुष्य थोडं आणि काम एकच, लग्न! म्हणून आम्ही सगळे भाऊ गुडघ्याला बाशिंग बांधूनच कोषातून बाहेर पडलो. एकटा वाकडपंख्या मागे राहायचा. त्याचा एक पंख कोषातच चुरगळला होता. आम्ही त्याला चिडवायचो, "तू आपला वऱ्हाडी म्हणून ये!"

एका संध्याकाळी ती आली. मागच्या भिंतीवर शेपूट उचलून बसली आणि तिने आपला वास वाऱ्यावर सोडला. आमच्या मिशा थरथरल्या. मी पंख फडफडवत तिच्याभोवती फेऱ्या घातल्या, धाकट्याला पंखाने हाणलं, थोरल्याला डोक्याने ढकललं. जिंकलोच होतो मी! ती वीतभरावर होती.

तेवढ्यात खिडकीतून तोच वास आला, पण जणू शंभर नवऱ्या एकदम बोलावत होत्या. झालं! हातचं सोडून आम्ही पळत्याच्या पाठी लागलो. एकमेकांना ढकलत उडालो आणि पहिला मीच पोचलो. नवरी कसली? आम्हाला भुलवायला या पुठ्ठ्यावर बसवलेलं, वास लावलेलं रबराचं बूच होतं ते. थोरला येऊन माझ्या पाठीवरच चिकटला. अजून मला लाथा मारतोय, मूर्ख!

बेकरीवाला खूश झाला. बायकोला म्हणाला, "बघ, केवढे सापडले!"

"अहो, सापळा खिडकीत टांगलात म्हणून बाहेरचे आत आले. तो आत पिठापाशी टांगा आणि खिडकी लावून घ्या."

"तुझं आपलं काहीतरीच! इथेच तर भराभर सापडतात."

इथून मला ती भिंत दिसते. वाकडपंख्याला इतकं उडता येईना, म्हणून तो चालतच तिच्यापाशी गेला. दोघं शेपटीला शेपूट लावून बसली. ती जागा माझी होती. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

तिने त्याच पोत्यात अंडी घातली आहेत. त्यातल्या पोरांचे पंख सरळ असतील, आणि वास आला की तीही इथेच धावत येतील. मित्रांनो, त्या बाईचं कुणी ऐकत नाही. तुम्ही तरी बेकरीवाल्याला खिडकी लावायला सांगा. पोरं माझी नाहीत. तरी सांगा.